खुलासा: स्टँडवर झोपणाऱ्यांच्या घरकुलांबद्दल

‘सांगली स्टँडवर झोपणाऱ्या सगळ्यांना गावाकडे फुकट घरकुल मिळालंय, ते भाड्याने देऊन इथं पडून असतात,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचे (ग्रामीण) नियमच बघा. तयार घर कुणाला मिळत नाही. सपाट भागात १,२०,००० रुपये हप्त्यांनी येतात, बांधकाम सरकेल तसे. त्यासाठी आधी जागा लागते, आणि भूमिहीनाची गाडी तिथंच अडते.

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक काका स्टँडवर झोपतात. २०१९च्या महापुरात त्यांची भाड्याची खोली गेली, कागदपत्रंही भिजली. हमाली रोज करतात, पण डिपॉझिटपुरते पैसे साठत नाहीत आणि ओळखीशिवाय खोली कोण देणार? त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.