खालच्या लीगमधला फुटबॉलपटू क्लब का बदलतो: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: ‘फुटबॉलपटू आठवड्याला लाखो पाउंड कमावतात. खालच्या डिव्हिजनमध्ये राहतात ते दम नसलेले. दरवर्षी क्लब बदलणारे पैशामागे धावतात, पूर्वीसारखी निष्ठा उरली नाही. दिवसाला दोन तास खेळायचं आणि पस्तिशीत निवृत्त होऊन आयुष्यभर बसून खायचं.’ सोबत एखाद्या खेळाडूची पंधरा-वीस क्लबांची यादी आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ते अशा लोकांबद्दल आहे ज्यांच्या जिवावर हा खेळ उभा आहे. मेसेजातली उदाहरणं इंग्लंडची असतात, म्हणून उत्तरही तिथलंच देऊ. तिथे प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मिळून ७२. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, म्हणजे आणखी २४. पुढचं सगळं मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीबद्दल आहे.

‘आठवड्याला लाखो पाउंड’

हिशोब करून पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये लीग टूच्या क्लबांवर पगारखर्चाची मर्यादा घातली गेली: वर्षाला १५ लाख पाउंड. लीग वनला २५ लाख. खेळाडूंच्या संघटनेनं, म्हणजे पीएफएनं, दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादानं ती मर्यादा रद्द केली. पण आकडा त्या पातळीची ऐपत नेमकी सांगतो. १५ लाख २२ जणांत वाटले तर माणशी वर्षाला साधारण ६८ हजार, म्हणजे आठवड्याला १,३०० पाउंड. तेही कर कापण्याआधी, आणि बोनस व एजंटची फी त्या मर्यादेतच धरलेली. हातात महिन्याला चार हजारांच्या आसपास येतात.

ही रक्कम वाईट नाही. तिथल्या तेव्हाच्या सर्वसाधारण पूर्णवेळ पगाराच्या दुपटीच्या घरात जाते, आणि हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. पण सरासरीच्या वरचा वाटा गोल करणाऱ्या दोन-तीन जणांकडे जातो, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा त्याच्या निम्म्यावरही खेळतो, आणि ‘लाखो’ इथे आसपासही नाहीत.

शिवाय पगार एकसंध नसतो. मूळ पगार वेगळा, सामना खेळल्याचे पैसे वेगळे, गोलचा किंवा गोल न खाल्ल्याचा बोनस वेगळा, क्लब वरच्या लीगमध्ये चढला तर वेगळा. मांडीचा स्नायू फाटून सहा आठवडे बसावं लागलं की मूळ पगार चालू राहतो, पण सामन्याचे पैसे त्याच दिवशी थांबतात. मूळ पगार कमी आणि सामन्याचे पैसे जास्त, अशा करारावर सही केलेला खेळाडू म्हणूनच दुखणं लपवतो, आणि सहा आठवड्यांचं दुखणं तीन महिन्यांवर जातं.

‘दरवर्षी क्लब बदलणारे पैशामागे धावतात’

मेसेजातलं सर्वांत खोटं वाक्य हे. बहुतेक वेळा खेळाडू क्लब सोडत नाही, क्लब त्याला सोडतो.

तिथले करार ३० जूनला संपतात. खालच्या लीगमध्ये करार एक वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा. हंगाम मेच्या सुरुवातीला आटोपतो आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांत क्लबनं लेखी कळवायचं असतं: नवा करार देणार की मोकळं करणार. मग क्लब आपली यादी जाहीर करतो: हे राहणार, यांच्याशी बोलणी चालू, हे जाणार. तिसऱ्या गटात दहा-बारा नावं असणं नेहमीचं. मोकळ्या केलेल्या खेळाडूला आणखी एक महिना मूळ पगार मिळतो, किंवा नवा क्लब मिळेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. ऑगस्टपासून शून्य.

जुलैत सरावसामने सुरू होतात. त्या सामन्यांच्या संघयादीत नावाऐवजी ‘ट्रायलिस्ट’, म्हणजे चाचणीवर आलेला खेळाडू, असं छापलेलं दिसतं. तो बहुधा शंभर-दोनशे व्यावसायिक सामने खेळलेला, घरी दोन मुलं असलेला माणूस असतो. करार नाही, पगार नाही, आणि पन्नासाव्या मिनिटाला गुडघा वळला तर त्या क्लबावर त्याला वर्षभर पोसायची जबाबदारीही नाही. म्हणून ट्रायलवरचा खेळाडू पहिल्या टॅकलला अर्धा क्षण हात आखडता घेतो. प्रशिक्षकाच्या वहीत मात्र त्याच क्षणाची नोंद होते.

आता यादी लांबते कशी ते पाहा. विकिपीडियावरच्या तक्त्यात क्लबाच्या नावापुढे ‘लोन’ लिहिलेलं आहे का, हे आधी तपासावं. लोन म्हणजे करार मूळ क्लबाशीच ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळणं. मोठ्या क्लबातला मुलगा १९व्या वर्षी लीग टूत अर्ध्या हंगामासाठी जातो, पुढच्या वर्षी दुसरीकडे, मग तिसरीकडे. वयाच्या २१व्या वर्षी यादीत चार क्लब दिसतात, पण नोकरी त्याने एकदाही बदललेली नसते. गोलकीपरांचं तर आणखी वेगळं. क्लबाकडे उभा करायला एकही अनुभवी गोलकीपर उरला नाही, तर इंग्लिश लीगमध्ये सात दिवसांच्या तातडीच्या लोनवर दुसरीकडून आणता येतो. एका शनिवारी कुणाचं तरी बोट मोडतं म्हणून गेलेल्या माणसाच्या नावापुढे कायमचा एक क्लब वाढतो. गोलकीपर जॉन बरिज ४३व्या वर्षी, १९९५ मध्ये, मँचेस्टर सिटीसाठी प्रीमियर लीगचा सामना खेळला. त्याच्या क्लबांची यादी वाचायला बसलं तर चहा गार होतो, पण ती यादी त्याच्यावर टाकलेल्या भरवशाची आहे.

दुसरं कारण मॅनेजर. खालच्या लीगमध्ये तो वर्ष-दीड वर्षातच बदलतो. नवा माणूस तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) घेऊन खेळणारा असला की विंगरला, म्हणजे कडेनं चढाई करणाऱ्याला, जागाच नसते. त्याचा खेळ बिघडलेला नसतो, त्याची जागा आराखड्यातून पुसलेली असते.

तिसरं कारण करारातलं कलम, आणि ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. ‘२५ सामने सुरुवातीच्या अकरांत खेळल्यास करार आपोआप एक वर्ष वाढेल’ अशा तऱ्हेची अट नेहमीची. फेब्रुवारीत खेळाडू २३ वर पोचतो. क्लबाची पुढच्या वर्षी पगार द्यायची तयारी नसेल, तर त्याला बाकावरून सत्तराव्या मिनिटाला उतरवायला सुरुवात होते, कारण बदली म्हणून उतरलेला सामना त्या २५ मध्ये धरत नाहीत. हंगाम संपतो, आकडा २४ वर. जाणता एजंट म्हणूनच ‘सुरुवातीच्या अकरांत’ऐवजी ‘बदली म्हणून उतरलेले सामनेही धरून’ असे शब्द घालायला भांडतो. ‘पुढचं वर्ष क्लबाच्या मर्जीवर’ हे कलमही तसंच: ती मर्जी फक्त क्लबाची असते, खेळाडूची नाही. सही करताना याच दोन ओळी पगाराच्या आकड्याआधी वाचायच्या असतात.

राहता राहिली ‘पूर्वीची निष्ठा’. इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१ पर्यंत खेळाडूचा पगार आठवड्याला कमाल २० पाउंड, यापुढे देणंच नियमात बसत नसे. करार संपल्यावरही क्लब नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे, म्हणजे खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमनं याविरुद्ध कोर्टात जाऊन १९६३ मध्ये निकाल मिळवला. करार संपल्यावर हस्तांतराची रक्कम न मोजता दुसऱ्या देशातल्या क्लबात जायची मोकळीक तर युरोपात १५ डिसेंबर १९९५ च्या बॉस्मन निकालानंतर आली. जुने खेळाडू पंधरा-पंधरा वर्षं एका क्लबात राहिले, त्यातल्या कित्येकांना दरवाजाच उघडा नव्हता.

‘करार आहे म्हणजे पैसे पक्के’

मूळ मेसेजात हे नसतं, पण खालच्या चर्चेत कुणीतरी हमखास लिहितं. बरी हा क्लब २०१८-१९ मध्ये लीग टूतून वर चढला. त्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकले होते. मॅनेजर रायन लो जूनमध्ये प्लिमथला गेला आणि त्याच्यामागून अनेक खेळाडूही गेले. नीट बघा: बरी नुकताच लीग वनमध्ये पोचला होता आणि प्लिमथ नुकताच लीग टूत घसरला होता. माणसं एक पायरी खाली उतरली, कारण तिथे पगार वेळेवर होणार होता. यादीत ही बदली ‘पैशामागे धावणं’ म्हणूनच दिसते. २७ ऑगस्ट २०१९ ला बरीला लीगमधून काढून टाकलं. तोवर थांबलेल्यांना हंगाम सुरू झाल्यावर क्लब शोधावा लागला, म्हणजे बाकीच्यांची बजेटं बहुतेक संपल्यावर.

मॅकल्सफील्डमध्येही तेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये पगार न मिळालेल्या खेळाडूंनी एफए कपचा सामना खेळायला नकार दिला, लहान पोरांचा संघ उतरला आणि खालच्या लीगमधल्या किंग्स्टोनियनकडून ४-० हरला. सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टानं क्लब गुंडाळला.

नियम काय म्हणतो? पगार थकला तर खेळाडू १४ दिवसांची लेखी नोटीस देऊन, तेवढ्यात पैसे न आल्यास, करार संपवू शकतो. क्लब दिवाळखोरीतून सावरणार असेल तर खेळाडूंची देणी पूर्ण फेडल्याशिवाय त्याला लीगमध्ये राहता येत नाही. क्लब सावरलाच नाही तर या हमीला फारसा अर्थ उरत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. पुण्यातला भारत एफसी एकाच हंगामात संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग या देशातल्या फुटबॉल लीगमधून अंग काढून घेतलं. त्या संघांतल्या मुलांनी क्लब बदलले, कारण खेळायला क्लबच राहिला नव्हता.

‘दम नसलेले खाली राहतात’

रिकी लॅम्बर्टला ब्लॅकपूलनं सोडलं तेव्हा तो बीटच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं लावायचं काम करत होता. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, साउथहॅम्प्टन. १४ ऑगस्ट २०१३ ला, ३१व्या वर्षी, वेम्बलीवर इंग्लंडकडून पदार्पण करताना चेंडूला पहिलाच स्पर्श हेडरचा, आणि तो गोल. हाच माणूस २३व्या वर्षी रॉचडेलमध्ये होता, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्यानं त्याला कोणत्या खान्यात टाकलं असतं? जेमी क्युरटननं २००६-०७ मध्ये कोलचेस्टरकडून २३ गोल करून चॅम्पियनशिपचा सर्वाधिक गोल करणारा होण्याचा मान मिळवला. त्याचीही क्लबयादी हातभर आहे. लॅम्बर्टसारखी उडी क्वचितच कुणाची असते. उरलेल्यांना चढता आलं नाही याची कारणं साधी असतात: ऐन विशीत गुडघ्याची शस्त्रक्रिया, एका चांगल्या हंगामात पाहणारं कुणी नसणं, किंवा वेग अर्ध्या यार्डानं कमी पडणं. आणि अर्ध्या यार्डानं कमी असलेला माणूसही आपल्या देशातल्या हजारात पहिल्या काहींत असतो.

‘दिवसाला दोन तास’

लीगचे ४६ सामने, वर एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी या बाद पद्धतीच्या स्पर्धा. शनिवार-मंगळवार-शनिवार असं वेळापत्रक आठवडेच्या आठवडे चालतं. सकाळी नऊला वजन, झोप आणि दुखण्याची नोंद, मग मैदान, दुपारी जिम आणि व्हिडिओ. प्लिमथ ते कार्लाइल हे अंतर एका बाजूनं सव्वासहाशे किलोमीटर, आणि ते बसनं. मंगळवारी रात्री दहाला सामना सुटला की घरी उजाडतं. छोट्या करारामुळे घर हलवणं परवडत नाही, म्हणून चार जण एकाच गाडीतून रोज तास-दीड तास जातात आणि पेट्रोल वाटून घेतात.

‘पस्तिशीत बसून खातात’

खेळाडूंच्या निवृत्तिवेतन योजनेत एप्रिल २००६ आधी आलेल्यांना ३५व्या वर्षी पैसे काढता येत. नंतरच्यांना ५५पर्यंत थांबावं लागतं आणि २०२८ पासून ५७पर्यंत. मधली वीस-बावीस वर्षं कमवावंच लागतं. म्हणून शहाणे खेळाडू खेळत असतानाच यूएफा बी आणि ए हे प्रशिक्षकाचे परवाने घेतात. पीएफए अशा अभ्यासक्रमांना मदत करते, आणि सॅलफर्ड विद्यापीठातून फिजिओथेरपी शिकून क्लबांत परतलेले माजी खेळाडू कित्येक आहेत.

३१-३२च्या आसपास प्रत्येकासमोर दोन प्रस्ताव येतात. एक लीग टूतला: घरापासून तीनशे किलोमीटरवर, एक वर्ष, पगार बरा, पुढचं काही सांगता येत नाही. दुसरा नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमधला, म्हणजे सहाव्या पायरीवरचा: दोन वर्षं, पगार बराच कमी, पण सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे दिवसा नोकरी करता येते. पहिल्या प्रस्तावातून भाडं, प्रवास आणि एका वर्षानंतरची बेकारी वजा करून पाहिली, तर दोन वर्षांत हाती उरणारी रक्कम बहुतेकदा दुसऱ्या प्रस्तावातच जास्त भरते. खेळाडू दुसऱ्यावर सही करतो आणि यादीत आणखी एक क्लब वाढतो.