शेवटचे गार पाणी आणि पिंजारलेले केस : एका दाव्याचा प्रतिवाद

केस धुऊन झाल्यावर शेवटी त्यांच्यावर गार पाणी घ्यावे, म्हणजे केसांचे क्युटिकल मिटते, आतला ओलावा बाहेर जात नाही, केस पिंजारत नाहीत आणि चमकू लागतात, हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने दिला जातो की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. केस कापणारे तो देतात, सौंदर्यविषयक सदरांत तो छापून येतो, आणि व्हिडिओंमध्ये तर गार पाण्याखाली धरलेले डोके आणि त्यानंतरचे रेशमी केस लागोपाठ दाखवले जातात. माझे केस कुरळे आहेत आणि दमट हवेत ते लगेच फुलतात, त्यामुळे हा सल्ला मी कित्येक वर्षे निष्ठेने पाळला. तो पाळूनही केस फुललेच, तर आपलेच काहीतरी चुकले असेल, पाणी पुरेसे गार नसेल, असे समजणाऱ्या अनेकजणींना मी ओळखते, आणि हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात क्युटिकल मिटण्यापासून करायला हवी, कारण बाकीचे सगळे म्हणणे त्याच्यावर उभे आहे. क्युटिकल म्हणजे केसाचे सर्वांत बाहेरचे आवरण. चपट्या, मृत पेशींचे पाच ते दहा थर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक पेशीची जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, आणि प्रत्येक खवल्याची मोकळी कड केसाच्या टोकाकडे वळलेली असते. ‘मिटते’ आणि ‘उघडते’ हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर पापणी येते किंवा फुलाची पाकळी येते. परंतु पापणीला स्नायू असतो, पाकळीत जिवंत पेशी असतात, आणि केसाच्या त्वचेबाहेर आलेल्या भागात यांतले काहीही नसते. थंडीने अंगावर काटा येतो तेव्हा केस उभे राहतात हे खरे आहे, पण ते काम त्वचेखाली केसाच्या मुळाशी जोडलेल्या बारीक स्नायूचे असते. बाहेरच्या धाग्याला ती थंडी कळत नाही आणि त्याच्या खवल्यांना आवळून धरणारे तिथे काहीच नसते.

मग खवल्यांच्या कडा उचलल्या जातात त्या कशामुळे? एक कारण खुद्द पाणी. पूर्ण भिजलेल्या केसाचा व्यास कोरड्या केसाच्या तुलनेत साधारण पंधरा टक्क्यांनी वाढतो, लांबी मात्र एक-दोन टक्क्यांनीच वाढते. क्युटिकलच्या प्रत्येक पेशीत वेगवेगळे स्तर असतात आणि ते सारखे फुगत नाहीत. आतला स्तर जास्त फुगतो, बाहेरचा कमी, आणि म्हणून कडा किंचित वर येतात. हे गार पाण्यातही होते, कोमट पाण्यातही होते. कोमट पाण्यात केस थोडे लवकर भिजतात, एवढाच फरक. शिवाय गार पाणी शेवटी घेतले जाते, म्हणजे तोवर केस पाणी पिऊन फुगलेलाच असतो, आणि त्याच्यावर आपण आणखी पाणीच ओतत असतो. दुसरे कारण पाण्याची आम्लता किंवा अल्कधर्मीयता. ती पीएच या मापाने मोजतात : पीएच जितका कमी, तितकी आम्लता अधिक. केसाच्या पृष्ठभागावरील धन आणि ऋण विद्युतभारांचा समतोल ३.७ च्या आसपासच्या पीएचला साधला जातो. पीएच जसजसा वर जातो तसतसा ऋणभार वाढतो, केस अधिक फुगतो आणि केसाचे केसाशी घर्षण वाढते. कंडिशनर आम्लधर्मी का बनवले जातात याचे एक कारण हे आहे. तिसरे कारण घासणे, विंचरणे, ओढणे, यांमुळे कडा झिजणे आणि तुटणे. या तीन कारणांपैकी एकावरही पाण्याच्या गारव्याचा इलाज चालत नाही.

तापमानाने केसाची रचना बदलतच नाही असे माझे म्हणणे नाही. केस सरळ करण्याच्या यंत्राच्या पट्ट्या १५० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवाव्या लागतात, आणि तेवढ्या उष्णतेने दिलेला आकारसुद्धा दमट हवा लागली की सुटू लागतो. अंघोळीचे कोमट पाणी आणि नळाचे गार पाणी यांच्यात फार तर वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. आणि समजा, त्या गारव्याने खवले खरोखरच मिटले, तरी केस काही मिनिटांतच खोलीच्या तापमानाला येणार आहेत. मग ते पुन्हा उघडायला नकोत का? हा प्रश्न हा दावा करणाऱ्यांना विचारला जात नाही, आणि माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा.

खवल्यांची दिशा बोटांनाही कळते. गळालेला एक लांब केस घ्यावा, दोन बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे सरकवावा, आणि मग टोकाकडून मुळाकडे. पहिल्या वेळी चिमटीतून तो सहज निसटतो, दुसऱ्या वेळी अडखळत जातो, कारण आपण कौलांच्या कडांविरुद्ध जात असतो. तोच केस बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा असाच सरकवला, तरी उलट दिशेची खरखर नाहीशी होत नाही. कंडिशनर लावून धुतला की मात्र ती खरखर बोटांना जाणवण्याइतकी कमी होते.

आता ‘ओलावा कोंडून ठेवण्या’चा भाग. इथे दाव्याची केवळ माहितीच चुकलेली नाही, तर पिंजारलेल्या केसांचे मूळ कारणच उलटे धरले गेले आहे. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींशी अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात, त्यांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. हवेतली आर्द्रता वाढली की केस हवेतून पाणी ओढून घेतो. हवा पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प सामावू न शकणारी, असेल तर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी त्यात सामावते. जुने बंध सुटतात, नवे वेगळ्या जागी जुळतात, प्रत्येक केस आपापल्या नैसर्गिक वळणाकडे परततो, आणि शेजारच्या केसाचे वळण थोडे वेगळे असल्याने एकत्र बसलेली बट सुटी होऊन फुलते. अशा दिवशी त्रास बाहेरून आत येणाऱ्या पाण्याचा असतो. आतला ओलावा बाहेर जातो म्हणून केस फुलत नाहीत.

केसाचा हा स्वभाव माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली हवेची आर्द्रता मोजण्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक सविस्तर मांडले. स्निग्धांश काढून टाकलेला केस ताणून बसवायचा, आणि कोरड्या हवेपासून संपृक्त हवेपर्यंत जाताना त्याची लांबी दोन-अडीच टक्क्यांनी वाढते ती काट्याने दाखवायची, एवढे साधे ते तत्त्व. पुढे वेधशाळांमधून अशी यंत्रे दीर्घकाळ वापरली गेली. केस हवेतल्या पाण्याला इतका इमानाने प्रतिसाद देतो म्हणूनच ती चालली. सकाळी एकदा गार पाणी घेतल्याने त्याचा हा गुण दिवसभरापुरता बंद होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पाण्याची ये-जा रोखणारी एक गोष्ट केसाला मुळात मिळालेली असते. क्युटिकलच्या पृष्ठभागावर १८-मिथिल-आयकोसॅनोइक आम्ल नावाच्या स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो, आणि त्याच्यामुळे न दुखावलेल्या केसावर पाणी लगेच पसरत नाही. ब्लीच केल्याने हा थर निघून जातो. मुळापासून दूर गेलेल्या जुन्या टोकांवरही तो झिजलेला असतो. म्हणूनच ज्यांना आपण ‘कोरडे केस’ म्हणतो ते पुष्कळदा पाणी अधिक सहज शोषणारे केस असतात. गेलेला थर गार पाणी परत आणत नाही, आणि शिल्लक असलेल्याला त्याची गरज नसते.

चमकेविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रकाश एकाच दिशेने परावर्तित झाला की केस चमकदार दिसतात, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात : प्रत्येक केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत असणे आणि केस एकमेकांना समांतर पडणे. सरळ केस कुरळ्यांपेक्षा अधिक चमकतात ते या दुसऱ्या कारणाने. त्यांचे आरोग्य अधिक चांगले असते म्हणून नव्हे. कुरळ्या केसांच्या माणसांना हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवे, कारण चमक म्हणजे आरोग्य हे समीकरण त्यांच्यावर अन्याय करते.

गार पाण्याने मुळांचा रक्तपुरवठा वाढून केस भराभर वाढतात, अशी पुस्तीही या दाव्याला जोडली जाते. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात, आणि डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात ते मुळाशी चालणाऱ्या पेशीविभाजनामुळे. अर्धा मिनिट घेतलेल्या पाण्याचा त्या कामाशी संबंध नाही.

या दाव्यात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कडकडीत पाणी टाळूला मानवत नाही : त्याने त्वचेवरचे नैसर्गिक तेल अधिक प्रमाणात निघून जाते, टाळू कोरडी पडते आणि खाज सुटू शकते. जी व्यक्ती रोज चटका बसेल इतक्या गरम पाण्याने डोके धुते, तिने पाणी निववले तर तिला बरे वाटेल. पण हे श्रेय कढत पाणी सोडल्याचे आहे, गार पाणी घेतल्याचे नव्हे, आणि कोमट पाण्याने तेवढेच साधते. शाम्पू आणि डोक्यावरचे तेल धुऊन काढायला तर कोमट पाणीच सोयीचे पडते.

‘पण मला स्वतःला फरक दिसतो,’ हे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण मीही ते म्हणत असे. मात्र फरक दिसणे आणि तो कशाने पडला हे कळणे या निराळ्या गोष्टी आहेत. गार पाणी घेण्याचे ठरवणारी व्यक्ती बहुधा त्याच दिवसापासून कंडिशनरही नियमाने लावू लागते, केस हळुवार टिपू लागते, ड्रायर कमी वापरते. गार पाणी फार वेळ सोसवत नाही, म्हणून धुणे लवकर आटोपले जाते आणि कंडिशनरचा काही अंश केसांत राहून जातो; मग केस जड आणि बसलेले वाटतात. शिवाय हवा रोज सारखी नसते. कोरड्या दिवशी धुतलेले केस दमट दिवशी धुतलेल्या केसांशी ताडून पाहिले, तर निष्कर्ष हवेचा निघतो आणि नाव पाण्याचे होते.

ज्याने खरोखर फरक पडतो त्यात विशेष नाट्य नाही. कंडिशनरमधल्या धनभारित घटकांना, उदाहरणार्थ सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड यांना, केसाचा ऋणभारित पृष्ठभाग ओढून घेतो. जिथे केस अधिक दुखावलेला तिथे ऋणभार अधिक आणि म्हणून तिथे ते अधिक चिकटतात. म्हणून ते टाळूला न लावता मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत लावावे. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि अधिक ताणला जातो, म्हणून कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून सुरुवात करून गुंता सोडवावा. दमट हवेत बाहेर पडायचे असेल तर धुऊन न काढायचे क्रीम किंवा सिलिकोनचे सीरम केस ओलसर असतानाच लावावे. त्याने पाण्याचा शिरकाव थांबत नाही, पण मंदावतो, आणि केस एकमेकांना घासून सुटे होत नाहीत. केस धुण्याआधी खोबरेल तेल लावण्यालाही आधार आहे : खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना करणाऱ्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करणारे खोबरेल हे एकच तेल ठरले.

ज्यांना गार पाणी आवडते त्यांनी ते जरूर घ्यावे, त्याने केसांचे नुकसान होत नाही. परंतु ज्यांचे डोके गार पाण्याने दुखते, ज्या थंडीने कुडकुडत, दात आवळून केवळ केसांसाठी ते सहन करतात, त्यांनी ते आजच सोडले तरी केसांचे काही बिघडणार नाही.

हे घरच्या घरी पडताळता येते. मी मधोमध भांग पाडून डाव्या बाजूचे केस शेवटी गार पाण्याने आणि उजव्या बाजूचे कोमट पाण्याने धुतले. शाम्पू, कंडिशनर आणि वाळवण्याची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवली, आणि कोणती बाजू कोणती हे माहीत नसलेल्या बहिणीला प्रत्येक वेळी दोन्ही बाजू पाहायला आणि हाताळायला सांगितल्या. पाच वेळा धुऊन पाहिले. तीन वेळा तिला फरक सांगता आला नाही, एकदा तिने कोमट बाजू मऊ म्हटली. पाचव्या वेळी मात्र तिने क्षणभरही न थांबता डाव्या बाजूला बोट दाखवून ती अधिक पिंजारली आहे असे सांगितले. ती बाजू गार पाण्याची होती, पण त्या दिवशी घाईत मी तीच बाजू टॉवेलने खसखसून पुसली होती.