रौप्यमयूर पणजीत आला, सिनेमा सातार्ड्याच्या पुलाअलीकडे आलाच नाही

नोव्हेंबर लागला की मी दोन गोष्टींची वाट बघते. आमच्या वेंगुर्ला-शिरोडा भागातल्या जत्रांची आणि पणजीतल्या इफ्फीची, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची. या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, असं मला घरात, कारखान्यात, सगळीकडे विचारतात. आज एकदा सविस्तर लिहिते, आणि सुरुवात करते ती अभिनेत्री उषा जाधव यांच्यापासून.

उषा जाधव हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते मार्च 2013मध्ये, पेपरात. ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार. त्याच सिनेमासाठी शिवाजी लोटन पाटील यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार आणि हंसराज जगताप या मुलाचा विशेष उल्लेख. आमच्या काजूच्या कारखान्यात डब्याच्या वेळी तो पेपर हातोहात फिरला. फोटो बघून एकजण म्हणाली, “ही हिरॉइन? ही तर आमच्यासारखीच दिसता गो.” तिने ते कौतुकाने म्हटलं नव्हतं. मला मात्र ते वाक्य घेऊन घरी यावंसं वाटलं. तेव्हापासून या बाईचं काम मी शोधून शोधून बघते.

शोधावं लागतंच. पुरस्कार मिळाला 2013ला, सिनेमा थिएटरात आला मार्च 2014मध्ये, आणि आमच्या गावात तेव्हाही नाही. आंबोलीचा घाट चढून मी कोल्हापूरला मावशीकडे गेले आणि तिथे पाहिला. स्मशानात काम करणारं कुटुंब, मुलाला ते काम नको आहे, आणि त्याने यातून बाहेर पडावं म्हणून आई जीव टाकते आहे. ‘धग’च्या पुरस्काराआधी दोनच वर्षं ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप-वराडकर यांना हाच पुरस्कार मिळाला होता. तिथेही बापाचा धंदा पोराच्या गळ्यात पडू नये, त्याने शाळा शिकावी, म्हणून आईच उभी राहते. तीन वर्षांत दोन मराठी अभिनेत्रींना देशाचा सर्वोच्च मान मिळाला, आणि दोघींनी साकारली ती अशीच, पोरासाठी वाट काढणारी आई. मला यात आपल्या घराघरातली बाई दिसते. अशा बायका मी रोज काजू सोलताना बघते.

त्या पुरस्कारांचा समारंभ झाला 3 मे 2013 रोजी. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 3 मे 1913 रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला होता. त्यात राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. मग त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या. शंभर वर्षांनी त्याच तारखेला कोल्हापूरची एक मुलगी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून राष्ट्रपतींसमोर उभी राहिली. आणि त्याच समारंभात इरफान खान यांच्यासोबत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवणारे विक्रम गोखले हे त्या कमलाबाईंचे नातू. हे जुळवून लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो.

आता जत्रेचं सांगते. आमच्याकडे पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहतो, तो पार पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि पुढचं सगळं नटाच्या जिभेवर आणि पेटी-मृदंगाच्या साथीवर. तोंड रंगवायचं ते स्वतःचं स्वतः. आणि स्त्रीपार्ट पुरुषच करतात. ओमप्रकाश चव्हाणांसारखा नट नेसून-सवरून उभा राहिला की समोर बसलेल्या बाया तो पुरुष आहे हे विसरतात. माझी आत्ये तर पदर डोळ्यांना लावून बसते. कोणी विचारत नाही की ही राणी गोरी आहे का, नाक चाफेकळी आहे का. तिचं दुःख खरं वाटतंय का, एवढंच आम्ही बघतो. खोटं वाटलं तर उठून भज्यांच्या टपरीवर जातो. नटाला ते लगेच कळतं.

एवढी नजर असलेली माणसं आहोत आपण. मग हातात मोबाइल आला की हीच माणसं अभिनेत्रीच्या फोटोखाली तिच्या रंगाबद्दल का लिहितात? मला याचा खरोखर राग येतो. उषा जाधव यांच्या फोटोंखाली मी असलं वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर दिलं आहे. पुढेही देणार.

2019चा इफ्फी हा पन्नासावा. 2004पासून तो गोव्यातच भरतो, म्हणजे आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, पण तोवर मी कधी गेले नव्हते. आपल्यासारख्यांचं तिथे काय काम, असं वाटायचं. त्या वर्षी स्पर्धेच्या पंधरा सिनेमांत भारतातले दोनच होते. एक मल्याळम ‘जल्लीकट्टू’ आणि दुसरा मराठी, अनंत महादेवन यांचा ‘माई घाट’. मुख्य भूमिका उषा जाधव. मग मी थांबलेच नाही. क्यार वादळाच्या पावसाने आमचं भात आडवं केलं होतं, घरात पैशाची ओढाताण होती, तरी नवरा म्हणाला, जाऊन ये. गावातल्या पोराने ऑनलाइन नोंदणी करून दिली. फोटोचं कार्ड गळ्यात अडकवलं तेव्हा हात थरथरत होते. शिरोडा, सातार्ड्याचा पूल, पेडणे, म्हापसा करत पणजी. रांगेत माझ्यापुढे दोन केरळी मुलं होती. जेमतेम विशीतली, रात्रभर रेल्वेने आलेली, पाठीवर पिशव्या. मराठी सिनेमा बघायला ती इतक्या लांबून आली होती, आणि त्या रांगेत मला आमच्या तालुक्यातलं ओळखीचं एकही तोंड दिसलं नाही.

‘माई घाट’ तिरुवनंतपुरममधल्या 2005 सालच्या खऱ्या घटनेवर आहे. एका आईचा मुलगा पोलिस कोठडीत मारला गेला आणि ती तेरा वर्षं न्यायासाठी लढली. सिनेमात ही गोष्ट सांगलीत, कृष्णेच्या काठी आणली आहे. उषा जाधव यांनी ही आई जशी धरून ठेवली आहे, त्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. मोठाली भाषणं नाहीत. आपण तिच्याबरोबर नुसतं वाट बघत राहतो. दिवे लागल्यावर शेजारचा केरळी पोरगा डोळे पुसत होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि बाहेर पडलो.

28 नोव्हेंबरला समारोप झाला. जॉन बेली यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्यूरीने सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्यमयूर, म्हणजे इफ्फीचा मानाचा पुरस्कार, आणि दहा लाख रुपये उषा जाधव यांना दिले. दिग्दर्शनाचा ‘जल्लीकट्टू’च्या लिजो जोस पेल्लिस्सेरी यांना. मी तोवर घरी परतले होते, बातमी मोबाइलवर पाहिली आणि मागच्या पडवीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोटो. साडी कुठली, दागिने कुठले. मला तोही आनंदच आहे, बाईने मिरवावं, तिने ते कमावलं आहे. पण फोटो गावात पोहोचला आणि सिनेमा पोहोचला नाही, हे मला सहन होत नाही. चाहता म्हणजे काम बघणारा. नुसत्या फोटोवर कोणी कसं कोणाचं चाहतं होईल? ‘भूतनाथ रिटर्न्स’मधली अखरोटची आई तीच, ‘वीरप्पन’मधली मुथुलक्ष्मी तीच, हे सांगितलं की लोक चकित होतात. पाहिलेलं असतं, ओळखलेलं नसतं.

मोबाइलवर बघा की, असं सांगणाऱ्यांना माझं एक म्हणणं आहे. आमच्याकडे फोनला रेंज यावी म्हणून माडाखाली जाऊन उभं राहावं लागतं, ते एक सोडा. पण पाच इंचांच्या काचेवर एकटीने बघणं आणि दोनशे बायांनी अंधारात एकत्र बसून बघणं यात जत्रेचा माणूस फरक जाणतो. पडदा लागतो, प्रोजेक्टर लागतो, हायस्कूलचा हॉल चालतो. देवळासमोरचं मैदान तर आहेच, रात्रभर जागायची सवयही आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, इफ्फीत गौरवलेला प्रत्येक मराठी सिनेमा निदान तालुक्याच्या गावी एकदा तरी मोठ्या पडद्यावर दाखवला पाहिजे. आम्ही फुकट मागत नाही. दशावतारी कंपनीला गाव पैसे देतोच, याला पण देऊ. यावर मी सांस्कृतिक कार्य विभागाला पत्र लिहिते आहे. वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी, कुडाळकडच्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली नाव लिहा, मी कागद घेऊन घरी येईन.

पणजीहून परतले त्या रात्री आत्ये ओटीवर जागी होती. मी तिला सगळी गोष्ट सांगितली. त्या आईची, तेरा वर्षांची, कृष्णेच्या घाटाची. दिव्याची वात खाली करत ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तो सिनेमा आमका खंय बघूक गावतलो?”