साहेब आयसीयूत असले तर सही कोणाची?

नाशिकच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. गंगापूर रोडचे काका म्हणतात, तुमच्या अमेरिकेत अध्यक्ष इतके वयस्कर, उद्या काही झालं तर गोंधळच, त्यापेक्षा आपल्याकडे बरं, पक्ष बसतो आणि रात्रीतून नवा माणूस ठरवतो. काका, मी न्यू जर्सीत राहतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

माणूस गेला तर दोन्हीकडे मार्ग निघतो, खरा घोळ माणूस जिवंत आहे पण काम करू शकत नाही तेव्हा होतो. इथे 1881 मध्ये अध्यक्ष गारफिल्डना गोळी लागली आणि ते अडीच महिने अंथरुणाला खिळून होते, 1919 मध्ये अध्यक्ष विल्सनना पॅरालिसिसचा झटका आला तर त्यांच्यापर्यंत कुठला कागद जाणार ते त्यांची बायको ठरवायची. एवढं भोगल्यावर, केनेडींच्या खुनानंतर, 1967 मध्ये 25वी घटनादुरुस्ती आली. आता अध्यक्षांना भूल द्यायची असली की ते पत्र देतात आणि अधिकार उपाध्यक्षांकडे जातात, 2021 मध्ये बायडनच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी कमला हॅरिसकडे 85 मिनिटं कारभार होता. अध्यक्ष पत्र देण्याच्या अवस्थेतच नसतील तर उपाध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त कॅबिनेट तसं लिहून देऊ शकतात, अध्यक्षांनी हरकत घेतली तर निकाल काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, 21 दिवसांत, आणि अध्यक्षांना बाजूला ठेवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. हा दुसरा मार्ग आजवर एकदाही वापरलेला नाही, आणि आपल्याच साहेबाविरुद्ध कॅबिनेट सही करेल का याची मलाही शंका वाटते. पण निदान लिहून तरी ठेवलंय.

आपल्याकडे राष्ट्रपतींचं लिहिलंय. 1969 मध्ये झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी काम बघू लागले, मग निवडणूक लढवायला त्यांनीही राजीनामा दिला, तरी सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी गाडा चालवला. पण खरी सत्ता पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांकडे असते ना, त्यांचं काय? 2009 मध्ये मनमोहन सिंगांची बायपास झाली तेव्हा कॅबिनेटच्या मीटिंगा प्रणब मुखर्जी घेत होते, पण कार्यवाहक पंतप्रधान म्हणून कोणालाच नेमलं नव्हतं. 2016 मध्ये तामिळनाडूत जयललिता अडीच महिने हॉस्पिटलमध्ये, खाती त्यांचे मंत्री पन्नीरसेल्वमकडे, मुख्यमंत्री मात्र त्याच, आणि तब्येतीचं खरं काय ते लोकांना कळत नव्हतं. आणि उपमुख्यमंत्री आहेत की असं म्हणू नका, ते पद घटनेत नाहीच, मुख्यमंत्र्यांचे अधिकार त्यांच्याकडे आपोआप येत नाहीत.

सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक असताना मुख्यमंत्री आयसीयूत असले तर तातडीचा निर्णय कोण घेणार, हे आधीच माहीत नको का? पक्ष ठरवेल म्हणता, पण पक्षाला तर लपवण्यातच फायदा असतो. मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतानाच आपल्या जागी कोण ते लेखी द्यावं, आणि ते शुद्धीवर नसतील तर कोणी जाहीर करायचं तेही कायद्यात असावं, एवढंच माझं म्हणणं. तुमचं आमदारांकडे जाणंयेणं असतं, काका, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न टाकायला सांगा.