हे गृहस्थ कापता येतील का?

चाळिशी उलटलेल्या चार मित्रांनी रविवारी रोलर कोस्टरवर बसायला जावं का, हा प्रश्न बायकोने आदल्या रात्रीच विचारून ठेवला होता. त्यामुळे घरी आल्यावर मी काहीच बोललो नाही. इथे बोलतो.

पार्कच्या दारातच आमचे धपाटे काढून घेतले. ‘बाहेरचं खाणं अलाउड नाही.’ आत वडापाव मिळतो, पण त्याचा भाव ऐकूनच पोट भरतं. मग चष्मा, पाकीट, मोबाइल लॉकरमध्ये. लॉकरचे पैसे वेगळे. मला उणे पाचचा नंबर आहे. म्हणजे एवढं तिकीट काढून मी जे बघायला आलो होतो, ते आता फक्त ऐकायचं.

रांगेत मागे एक काका होते. सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू. भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, हे पहिल्या मिनिटातच कळलं.

‘‘घाबरू नका,’’ ते म्हणाले. मी तोवर घाबरलो नव्हतो.

‘‘याला इंजिन नसतं, माहितीये ना? साखळी वर नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण. एकदा सुटलं की कोणाच्या हातात काही नाही.’’

‘‘अच्छा.’’

‘‘चढताना खटखट आवाज येतो ना, तो रॅचेटचा. गाडी मागे घसरू नये म्हणून. तो थांबला की समजायचं.’’

‘‘काय समजायचं?’’

‘‘आलं.’’

तास उलटला तरी काका थांबेनात. हा लूप पूर्ण गोल का नाही, थेंबासारखा का? तर 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला अगदी गोल लूप बांधला होता, त्यात लोकांच्या माना धरायच्या. काका ‘माना’ म्हणाले तेव्हा माझ्याच मानेकडे बघत होते. त्याच कोनी आयलंडला 1884 मध्ये सुरू झालेली गाडी ताशी जेमतेम 10 किलोमीटरने जायची, तिकीट पाच सेंट. तेव्हा जन्मलो असतो तर बरं झालं असतं, चष्मासुद्धा डोळ्यांवर राहिला असता.

एवढ्यात बाजूच्या कठड्यातून माणसं भराभर पुढे जाऊ लागली. त्यांनी जास्त पैसे भरलेले. आमच्यातला सीए म्हणाला, ‘‘देवळात व्हीआयपी दर्शन असतं तसंच.’’ तसंच कसं? तिथे निदान पुढे देव असतो. आणि उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची रांग विकायची, हे मला विनोद बाजूला ठेवूनसुद्धा पटत नाही. रांगेत कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या. पाण्याचा नळ कुठे, हे एकाही कर्मचाऱ्याला सांगता येत नव्हतं. पाण्याची बाटली कुठे, हे सगळ्यांना पाठ.

अखेर आमचा नंबर आला. काकांनी नातवाला माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं, त्याचा बार स्वतः हलवून बघितला आणि पलीकडच्या दाराने सरळ बाहेर पडले.

‘‘अहो, तुम्ही?’’

‘‘छे! मला बीपी आहे. तुम्ही आहात ना सोबत. पोराकडे लक्ष ठेवा.’’

खटखट सुरू झाली. मग थांबली. पुढचं मला ठाऊक नाही. पोर मात्र मला सांगत होतं, ‘‘काका, माझा हात सोडा, दुखतोय.’’

खाली उतरून चष्मा मिळवला, तर फोटो काउंटरवर गर्दी. भल्या मोठ्या स्क्रीनवर मी. तोंड असं उघडलेलं की दाढा मोजून घ्याव्यात. शेजारी नातू, शांत, दोन बोटं वर करून. आणि समोर आमचे काका, पाकीट काढून उभे.

‘‘पोराचा फार छान आलाय,’’ ते काउंटरवरच्या मुलाला सांगत होते. ‘‘फक्त हे गृहस्थ कापता येतील का?’’

मुलाने एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. ‘‘अंकल, एडिटिंगचे एक्स्ट्रा लागतील.’’

काकांनी क्षणभर हिशेब केला.

‘‘मग राहू दे त्यांना.’’