मालकाचं उत्तर: टॉवर फुल होता, तरी कॉल का लागत नव्हता

साहेब, आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही एक स्टार देऊन लिहिलेला रिव्ह्यू वाचला. दुरुस्तीपायी तीन दिवस तुम्हाला फोनविना काढावे लागले आणि मधे आम्ही साधं कळवलंही नाही. चूक आमची, माफ करा. काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला असेल, तर त्याबद्दलही.

पण 'टॉवर फुल दिसत होता, वाय-फाय चालत होतं, तरी नेटवर्क सेक्शन गेलंय म्हणून उगाच बोर्ड उघडला' हे तुमचं वाक्य मनाला फार लागलं. ते वाचून लोक आम्हाला लुटारूच समजतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्क्रीनवरच्या टॉवरच्या त्या कांड्या एवढंच सांगतात, की टॉवरचं बोलणं फोनला किती ऐकू येतंय. फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचतंय का, ते त्यांना कळत नाही. ऐकायचं काम रिसीव्हरचं, बोलायचं ट्रान्समीटरचं. दोन्हींच्या लहरीही वेगळ्या: 2जीच्या 900 बँडवर, म्हणजे 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात, फोन ऐकतो 935 ते 960 मेगाहर्ट्‌झवर आणि बोलतो 890 ते 915 वर. वाय-फायचं तर सगळंच निराळं, त्यावरून नेटवर्कचं काहीच ठरत नाही.

तुमची तक्रारच होती, की कॉल लावला की टॉवर गुल. तुमच्यासमोरच मॅन्युअल सर्च लावलं, म्हणजे फोनला आसपासची नेटवर्कं शोधायला लावली, आठवतंय? सगळ्या कंपन्यांची यादी आली, म्हणजे रिसीव्हर ठीक. त्यातली एक निवडली, तर नोंदणी होईना. दुसरं सिम घातलं, तेच. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बरोबर दिसत होता. मग फोन डीसी सप्लायवर घेतला, म्हणजे बॅटरीऐवजी किती करंट खेचतो ते दाखवणाऱ्या मशीनवर. त्या बँडवर फोन 2 वॅटपर्यंत ताकद लावतो, त्यामुळे कॉल लावताच मीटरची सुई उसळायला हवी. तुमच्या फोनची जेमतेम हलली. म्हणजे पीए आयसी गेली, फोनचं बोलणं जोर लावून टॉवरकडे धाडणारी चिप. 'अँटेनाची केबल दाबली असती तरी झालं असतं' असं तुमचे मित्र म्हणाले म्हणे. अहो, केबल तीच, अँटेना तीच. त्यावरूनच तर फोन नीट ऐकत होता!

आणि पाण्याचं. दोनदा विचारलं, दोनदा तुम्ही 'थेंबही लागला नाही' म्हणालात. आत पाणी लागलं की रंग बदलणारं पांढरं स्टिकर लालभडक झालेलं आणि पीएच्या बुडाशी हिरवट गंज. आधी सांगितलं असतंत तर पहिला दिवस वाचला असता. दुसरा दिवस पार्ट यायला गेला. तिसऱ्या दिवशी फोन मुद्दाम ठेवून घेतला, कारण गंजलेला बोर्ड थंड असताना चालतो आणि तापला की पुन्हा बंद पडतो. तसाच हातात दिला असता, तर तुम्ही आठवड्यात परत आला असता आणि तेव्हाही एकच स्टार दिला असता.

असो. काम लांबलं तर ग्राहकाला फोन करायचा, असं आता ठरवलंय. कसं जमवायचं ते बघतो. तुमची जुनी आयसी पुडीत जपून ठेवली आहे, हवी तेव्हा येऊन पाहा.