कुंडमळ्याचा अहवाल कुठे वाचायला मिळेल?

पाऊस सुरू झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो: धबधब्यांवर बंदी घालावी की नाही? काका म्हणतात, हल्लीच्या पोरांना शिस्त नाही, पोलिसांनी घाटातूनच परत पाठवायला हवं. चुलत बहीण विचारते, मग आम्ही सह्याद्री बघायचा कधी, मे महिन्यात? 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात बंदीचे आदेश निघाले. पुढच्या वर्षी 15 जूनच्या रविवारी मावळ तालुक्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चौघे गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पुन्हा ग्रुपवर तेच.

न्यूझीलंडमध्ये राहायला लागल्यापासून मला हा वाद अपुरा वाटतो. पर्यटक बेशिस्त होते का, हे विचारून आपण थांबतो. पूल शेवटचा कोणी तपासला, हा प्रश्न मागे पडतो.

इथल्या पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक नावाची जागा आहे. 28 एप्रिल 1995 ला तिथला दरी बघण्याचा लाकडी सज्जा अठरा जणांसह सुमारे 30 मीटर खाली कोसळला. चौदा जण मेले. त्यांतले तेरा विद्यार्थी होते आणि एक वनसंवर्धन खात्याचा अधिकारी. सज्जा त्याच खात्याने बांधलेला. चौकशी आयोगाने बारीकसारीक सगळं बाहेर काढलं: आराखडा इंजिनिअरने केलेला नव्हता, बांधकामाची परवानगी नव्हती, बोल्ट लावायचे तिथे ड्रिल सोबत नेलं नाही म्हणून खिळे ठोकले. एका वेळी पाचच जणांनी उभं राहावं अशी पाटी मागवली होती, ती कधी लागलीच नाही. आयोगाने एका सुताराच्या माथी खापर फोडलं नाही. सगळी व्यवस्थाच चुकली, असं लिहिलं. पुढे मंत्र्याने राजीनामा दिला, खात्याने देशभरातले पूल नि सज्जे तपासले, धोक्याचे बंद केले. तेव्हा सरकारी खात्यावर खटला भरता येत नव्हता. 2002 मध्ये तो कायदाही बदलला. आज रानातल्या झुलत्या पुलापाशी किती माणसं एका वेळी चालतील ते लिहिलेलं असतं, आणि लोक खरंच थांबतात, कारण त्या आकड्यामागे कोणीतरी हिशेब केलाय यावर त्यांचा विश्वास आहे.

कुंडमळ्याला धोक्याची पाटी होती. पण तीस वर्षं गावाने रोज वापरलेल्या पुलावरच्या पाटीला पर्यटकाने का जुमानावं?

न्यूझीलंडला आदर्श म्हणून डोक्यावर घ्यायचं नाही मला. 2008 मध्ये मांगाटेपोपो घळीत अचानक लोंढा आला आणि साहसी सहलीवर आलेले सहा विद्यार्थी व एक शिक्षक बुडाले. त्यानंतर साहसी खेळ चालवणाऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. तरीही 2019 मध्ये व्हाकारी ज्वालामुखीच्या उद्रेकात बावीस पर्यटकांचा आणि वाटाड्यांचा जीव गेला. शिवाय अख्ख्या देशात साधारण 53 लाख माणसं, लोणावळ्याच्या रविवारची गर्दी इथे कोणी पाहिलेलीच नाही. आपल्याकडेही 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, नोंदणी आहे. पण ते आयोजकांसाठी. भुशीला किंवा कुंडमळ्याला गेलेल्यांचा आयोजक कोण होता?

जिवाची बाजी लावणारी माणसं तर आपल्याकडे आहेतच. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स ही स्वयंसेवक मंडळी अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. कुठल्या कड्यावर दरवर्षी पाय घसरतो, कुठल्या ओढ्याला पाणी किती वेळात चढतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. न्यूझीलंडमध्ये अशी माहिती कोरोनरच्या, म्हणजे अपघाती वा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, निष्कर्षात उतरते आणि ते निष्कर्ष कोणालाही वाचता येतात. मुंबईतही कोरोनर होता, 1999 मध्ये ते पद रद्द झालं.

म्हणून काकांना आणि बहिणीला दोघांनाही माझं सांगणं आहे की बंदीवर भांडण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कुंडमळ्याच्या चौकशीचा अहवाल मागा. पूल कोणत्या खात्याचा, शेवटची तपासणी कधी, धोकादायक ठरल्यावर दोन्ही टोकं बंद का केली नाहीत, नवीन पूल कशात अडकला. उत्तरं मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि असाच अहवाल भुशीचाही हवा, पुढच्या जूनच्या आत.